भोकं पाडणाऱ्याचं स्टेशन

पॅरिस मेट्रोची ११ नंबरची लाइन १३ जून २०२४ रोजी पूर्वेच्या उपनगरांत आणखी पुढं गेली. सहा नवी स्टेशनं झाली आणि त्यातल्या पहिल्याच स्टेशनावर पाटी लागली: सर्ज गेन्सबूर, म्हणजे फ्रान्सचा गाजलेला गीतकार-गायक. ती लागण्याच्या आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, हे नाव नको म्हणून सह्यांची मोहीम निघाली होती. ज्यानं टीव्हीवर बायकांचा पाणउतारा केला, पोटच्या लहान मुलीला बरोबर घेऊन रक्ताच्या नात्यातल्या संबंधांवर गाणं केलं, त्याचं नाव सार्वजनिक स्टेशनाला कशाला, असा तिचा सवाल होता. पलीकडून उत्तर तयारच होतं: हा आमचा मोठा कवी, आज याला हात लावाल तर उद्या ग्रंथालयं रिकामी कराल. मग ठरलेली लढाई जुंपली. एकीकडून गाण्यांच्या ओळी पुरावा म्हणून फडकवल्या गेल्या, दुसरीकडून गाण्यांचं मोठेपण माणसाच्या वागण्यावर पांघरूण म्हणून घातलं गेलं. आपल्याकडे फ्रेंच शिकणाऱ्या आणि फ्रेंच सिनेमे बघणाऱ्या मंडळींतही मी हाच वाद याच दोन चालींवर ऐकला आणि दरवेळी वाटलं की दोघंही एकच चूक करताहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. विरोध करणाऱ्यांना गाणं वाचता आलेलं नाही आणि समर्थन करणाऱ्यांना पाटी वाचता आलेली नाही. स्टेशनाला गेन्सबूरचं नाव द्यायला नको होतं. पण त्या जागी त्याच्या गाण्यातला माणूस, तिकिटाला भोक पाडणारा तो बिननावाचा नोकर, यायला हवा होता. कुणी याला मधला मार्ग म्हणेल. तो मधला मार्ग नाही, कारण तो दोन्ही बाजूंना सारखाच नकोसा वाटेल.

मुळात हे नाव सुचलं कशावरून, ते बघू. गाणं १९५८ चं: ‘ल प्वँसोनर दे लीला’, म्हणजे लीला स्टेशनावरचा तिकीट टोचणारा. (लीला ही तिकडे लायलॅकची फुलं, आपल्या लीलेशी काही नातं नाही.) त्या काळी मेट्रोच्या फलाटाच्या तोंडाशी माणूस बसायचा, हातात चिमट्यासारखं यंत्र, येणाऱ्या प्रत्येक तिकिटाला एक भोक. एसटीच्या कंडक्टरची टिकटिक ऐकत वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. पण आपला कंडक्टर निदान गाडीबरोबर गावं बघतो, शिव्या देतो, चहा पितो. हा जमिनीखाली एका जागी. गाण्यातला हा माणूस सांगतो की मी तो, ज्याच्यासमोरून लोक न बघता निघून जातात. खाली ऊन नाही, वेळ जात नाही, म्हणून मासिक वाचतो. त्यात मायामीतल्या सुट्ट्यांची वर्णनं. इनव्हालिदला जायचं तर ओपेराला गाडी बदला, हे दिवसातून कितीदा सांगायचं! कागदाचे बारीक गोल तुकडे अंगावर उडतात, थेट बिछान्यापर्यंत येतात. बारीक भोकं, बारीक भोकं, नुसती बारीक भोकं. चाल धावत्या डब्यासारखी, कुठं थांबायचं नावच नाही. आणि शेवटी विचार येतो की बंदूक घ्यावी, स्वतःच्याच डोक्यात एक बारीक भोक पाडावं, म्हणजे लोक आपल्याला मोठ्या भोकात नेऊन ठेवतील. ‘भोक’ या एका शब्दाचा हा प्रवास, कामापासून थडग्यापर्यंतचा, तीन मिनिटांच्या आत होतो. पुढं यंत्रं आली आणि १९७३ पर्यंत पॅरिसच्या मेट्रोतली ही नोकरीच संपली. गाणं राहिलं. आजही मोंपार्नासच्या दफनभूमीत गेन्सबूरच्या थडग्यावर लोक मेट्रोची तिकिटं ठेवून येतात.

आता विरोधकांचं जे सगळ्यात वजनदार म्हणणं आहे ते आधी मान्य करू. ते सोवळेपणाचं नाही. ५ एप्रिल १९८६ च्या संध्याकाळी मिशेल द्रुकेरच्या टीव्ही कार्यक्रमात अट्ठावन्न वर्षांचा, प्यायलेला गेन्सबूर शेजारी बसलेल्या बावीस वर्षांच्या अमेरिकन गायिका व्हिटनी ह्यूस्टनकडे बघून तिच्याशी काय करायची इच्छा आहे ते उघड्या इंग्रजी शब्दांत बोलला. द्रुकेर भाषांतरात सारवासारव करत राहिला, ती थक्क होऊन बघत राहिली. त्याच वर्षी दुसऱ्या एका कार्यक्रमात त्यानं गायिका कॅथरीन रेंजेरला, तिनं पूर्वी पोर्न फिल्ममध्ये काम केलं होतं म्हणून, तोंडावर वेश्या म्हटलं. ही गाणी नव्हेत, यात पात्र नाही, निवेदक नाही, यमक नाही. इथं एक नावाजलेला पुरुष एका तरुण बाईला लाखो लोकांसमोर हिणवतोय आणि स्टुडिओ हसतोय. दारूपायी घरात जे चालायचं ते त्याची जोडीदार जेन बर्किन हिनंही नंतर झाकून ठेवलं नाही. १९८० मध्ये ती मुलींना घेऊन घराबाहेर पडली. आणि हे सगळं ज्या फ्रान्समध्ये आठवलं जातंय तो गेल्या काही वर्षांत हादरलेला देश आहे. २०२० च्या जानेवारीत व्हानेसा स्प्रिंगोरानं एका प्रतिष्ठित लेखकानं आपल्या चौदाव्या वर्षी आपलं काय केलं ते लिहिलं. वर्षभरानं कामीय कुश्नेरनं आपल्या भावावर सावत्र बापानं केलेल्या अत्याचाराची गोष्ट लिहिली. एप्रिल २०२१ मध्ये कायदा बदलला: प्रौढानं पंधरा वर्षांखालच्या मुलाशी, किंवा कुटुंबातल्या अठरांखालच्या मुलाशी ठेवलेल्या संबंधात संमतीचा प्रश्नच उरला नाही. दोन वर्षांनी त्याच देशात कुणी विचारलं की ही पाटी नेमकी आत्ताच कशाला, तर तिला ‘तुम्हाला कला कळत नाही’ हे उत्तर पुरेल का?

पण याच बाजूचा युक्तिवाद पुढं घसरतो, कारण ती वागण्याचा पुरावा हातात असताना गाण्यांकडे धावते. १९७१ च्या ‘मेलडी नेल्सन’ या ध्वनिमुद्रिकेत रोल्स रॉइस हाकणारा मध्यमवयीन माणूस सायकलवरच्या अल्पवयीन मुलीला धडक देतो आणि तिच्यात गुंततो. १९७६ च्या ‘कोबीच्या डोक्याचा माणूस’ मध्ये निवेदक मारिलू नावाच्या मुलीचा आग विझवायच्या नळकांड्यानं खून करतो. म्हणून गेन्सबूर मुलींवर डोळा ठेवणारा आणि खुनी मनोवृत्तीचा? लावणीतली ‘मी’ म्हणजे शाहीर नव्हे, हे आपल्याकडे पोरालाही सांगावं लागत नाही. होनाजी बाळा काही शेजेवर वाट बघत बसलेले नव्हते. निवेदकाचं पाप लेखकाच्या खात्यावर मांडायचं ठरवलं तर मग तिकीट टोचणाऱ्याची करुणाही लेखकाच्याच खात्यावर जमा करावी लागेल, आणि पाटी आपोआप न्याय्य ठरेल! शिवाय ही दोन्ही कामं नीट ऐकली तर कळतं की त्यांतला पुरुष हास्यास्पद आहे. पहिल्यात मुलगी विमान कोसळून मरते आणि तो विमानं पाडणाऱ्या देवांची प्रार्थना करत उरतो. दुसऱ्यात तो वेड्यांच्या इस्पितळात भाजी होऊन बसतो. आपल्या हव्यासाचा असा पंचनामा फार थोड्या गीतकारांनी केलाय.

गाण्यांतल्या दोन जागा मात्र वेगळ्या काढाव्या लागतात, आणि त्या कथानकामुळे नव्हे. पहिली १९६६ ची. फ्रान्स गाल तेव्हा अठरा वर्षांची. आदल्याच वर्षी नेपल्सला तिनं गेन्सबूरचं गाणं गाऊन लक्झेंबर्गला युरोव्हिजन स्पर्धा जिंकून दिली होती. त्यानं तिला लॉलीपॉप चोखणाऱ्या मुलीचं एक गोड गाणं दिलं. त्याचा दुसरा अर्थ लिहिणाऱ्याला ठाऊक, ध्वनिमुद्रण कंपनीतल्या मोठ्यांना ठाऊक, प्रेक्षकांतल्या पुरुषांना ठाऊक. एकटी गाणारीच अंधारात. कळलं तेव्हा तिला घराबाहेर पडावंसं वाटेना, आणि आजूबाजूच्या मोठ्या माणसांनी आपल्याला फसवलं हे दुःख तिनं पुढं बोलून दाखवलं. हे गाणं अश्लील आहे म्हणणाऱ्यांना मी विचारीन, द्व्यर्थी गाणी कुठल्या भाषेत नाहीत? तमाशाचा फडच्या फड त्यावर उभा राहतो. पण फडावरची बाई अर्थ जाणून डोळा मारते, आणि म्हणून हसू तिच्या ताब्यात असतं. इथं विनोद गाणारीवर होता. गुन्हा शब्दांत नाही. ज्या गळ्यातून तो शब्द काढला त्या गळ्याला न विचारण्यात आहे. सह्यांच्या मोहिमेनं हा फरक पकडला असता तर तिचं म्हणणं कितीतरी टोकदार झालं असतं.

दुसरी जागा १९८४ ची, ‘लेमन इन्सेस्ट’. चाल शोपँच्या एका एत्यूदची, म्हणजे पियानोरचनेची, आवाज बापाचा आणि मुलीचा. शार्लोत तेव्हा बारा-तेरा वर्षांची. शब्दांत म्हटलंय की हे असं प्रेम आहे जे आपण कधीच करणार नाही. म्हणजे कागदावर तो नकार आहे. चित्रफितीत मात्र उघड्या अंगाचा बाप आणि नुसत्या शर्टातली मुलगी एका बिछान्यावर आहेत. समर्थक सांगतात, शार्लोत आज स्वतः मोठी अभिनेत्री-गायिका आहे, तिनं या गाण्याची कधी लाज मानली नाही, उलट व्हर्नय रस्त्यावरचं बापाचं घर तिनंच बत्तीस वर्षं जपलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये लोकांना बघायला खुलं केलं. हे खरं आहे, आणि तिच्या आठवणीवर तिच्याहून जास्त हक्क सांगण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण तिचं समाधान हा तिचा खाजगी निकाल आहे. बारा वर्षांच्या मुलीला मोठ्यांच्या खोडीचं हत्यार करावं का, हा प्रश्न तिच्या उत्तरानं मिटत नाही. ती ‘नाही’ म्हणू शकली असती का, हे तिलाही तेव्हा कळायचं कारण नव्हतं. मी हे गाणं ऐकते, शोपँसाठी ऐकते, आणि दरवेळी मध्येच बंद करते. यापलीकडे माझ्याकडे त्याबद्दल सिद्धांत नाही.

आता समर्थक. त्यांचं लाडकं वाक्य: काळच वेगळा होता. कुणाचा काळ? फ्रान्स गालचा तो काळ नव्हता का? १९८६ मध्ये कॅथरीन रेंजेरनं त्याला तिथल्या तिथं किळसवाणा म्हणून सुनावलं, ती भविष्यातून आली होती का? ‘त्या काळी चालायचं’ या वाक्यात ‘चालायचं’ या क्रियापदाचा कर्ता नेहमी गाळलेला असतो. ज्यांचं चालायचं त्यांचं चालायचं. ज्यांना सोसावं लागायचं त्या तेव्हाही बोलत होत्या, फक्त ध्वनिक्षेपक दुसऱ्याच्या हातात होता. दुसरं वाक्य प्रतिभेचं. चित्रकार काराव्हाज्जोनं १६०६ मध्ये रोममध्ये माणूस मारला, तरी इटलीनं त्याचं चित्र एक लाख लिरांच्या नोटेवर छापलंच की! छापलं. जवळजवळ चारशे वर्षांनी. ज्याला मारलं त्याचं कुणी त्या नोटेनं भाजी घ्यायला उरलेलं नव्हतं.

त्यांच्याकडे खरा जड मुद्दा वेगळाच आहे, आणि तो ते नीट मांडतच नाहीत. तो मुद्दा म्हणजे राष्ट्रगीत. लुसियें गिन्सबूर्ग या नावानं २ एप्रिल १९२८ ला पॅरिसमध्ये जन्मलेला हा मुलगा रशियन साम्राज्यातून पळून आलेल्या ज्यूंचा. बाप झोझेफ रात्रीच्या बारमध्ये आणि कॅसिनोत पियानो वाजवून घर चालवायचा. १९४२ मध्ये जर्मनव्याप्त पॅरिसात चौदा वर्षांच्या लुसियेंच्या छातीवर पिवळा तारा शिवला गेला. पुढं कुटुंब खोट्या नावानं लिमुझँच्या खेड्यापाड्यांत लपलं. पोलिसांची धाड येणार म्हणून कुऱ्हाड घेऊन रानात पाठवलेल्या, कुणी विचारलं तर लाकूडतोड्याचा मुलगा आहे म्हणायचं शिकवलेल्या त्या रात्रीची आठवण तो आयुष्यभर सांगायचा. या माणसानं १९७९ च्या जानेवारीत किंग्स्टनला जाऊन, जमैकाच्या स्लाय डनबार आणि रॉबी शेक्सपियर यांच्या ठेक्यावर, बॉब मार्लीच्या साथीला गाणाऱ्या बायकांच्या सुरांत ‘मार्सेयेज’ हे फ्रेंच राष्ट्रगीत रेगे या जमैकन संगीतात गायलं. ‘शस्त्रं उचला, नागरिकांनो’ च्या जागी ‘शस्त्रं उचला, वगैरे वगैरे’. जूनमध्ये मिशेल द्रुवा या पत्रकारानं ‘ल फिगारो’ च्या साप्ताहिकात लेख लिहिला: गेन्सबूरचं रूप, त्याची दाढी, त्याचा कळकटपणा यांची किळस करून वर असं म्हटलं की असल्या वागण्यानं हाच ज्यूद्वेषाला खतपाणी घालतोय. म्हणजे पूर्वी ज्याच्या छातीवर तारा शिवला, त्यालाच आता सांगायचं की तुझ्यामुळे तारे शिवावे लागतात! (द्रुवा पुढच्याच वर्षी फ्रेंच अकादमीत निवडून गेले.) ४ जानेवारी १९८० ला स्ट्रासबुर्गमध्ये निवृत्त छत्रीधारी सैनिक सभागृहात येऊन बसले. जमैकन वादक मंचावर येऊ शकले नाहीत. गेन्सबूर एकटाच आला, मूठ उंचावून मूळ ‘मार्सेयेज’ साथीशिवाय गायला, आणि त्याला मारायला आलेल्यांना राष्ट्रगीतापुढं सावधान उभं राहावं लागलं. पुढं १९८१ मध्ये त्यानं व्हर्सायच्या लिलावात १ लाख ३५ हजार फ्रँकला रूझे द लीलच्या हातचं ‘मार्सेयेज’ विकत घेतलं. त्यात धृपद पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा करून मूळ कवीनंच ‘वगैरे’ लिहिलेलं होतं.

ही गोष्ट सांगितली की माझ्यासारखीचाही आवाज भरून येतो. आणि इथंच समर्थक म्हणतात: बघा, आजचे सह्या गोळा करणारे आणि कालचे ते सैनिक एका माळेचे मणी, दोघांनाही कलावंताचं तोंड बंद करायचंय. हे मात्र साफ खोटं. स्ट्रासबुर्गमध्ये मैफल बंद पाडली गेली. नव्या स्टेशनाच्या ले लीला या उपनगरात कुणी रेकॉर्ड जप्त करायला आलेलं नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खोडीचा रोख. ‘मार्सेयेज’ वर, नाझींची टवाळी करणाऱ्या १९७५ च्या गाण्यांत, किंवा ‘ज तेम… म्वा नों प्ल्यू’ या शृंगारिक गाण्यावर व्हॅटिकन खवळलं तेव्हा, गेन्सबूरचा दगड वरच्या दिशेनं जात होता: सैन्य, राज्य, धर्मसत्ता. तो दगड परत येऊन त्याला लागू शकत होता, आणि लागलाही. व्हिटनी ह्यूस्टन, कॅथरीन रेंजेर, फ्रान्स गाल यांच्याकडे गेलेला दगड खालच्या दिशेचा होता. त्यात फेकणाऱ्याचं काहीच जायचं नव्हतं. एकाच हातानं फेकले म्हणून दोन्ही दगड शौर्याचे होत नाहीत. कलावंताला चिथावणीचा हक्क आहे, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी एवढं तरी विचारावं, की कुणाला चिथवायचा?

यात एक पदर असा आहे की ज्याला दोन्ही बाजू हातच लावत नाहीत, आणि मला तो सगळ्यात मनोरंजक वाटतो. हा माणूस गीतकार तर होताच, पण त्याच्या संगीतकारपणाचा मोठा हिस्सा सिनेमात आहे. १९६० च्या ‘लो आ ला बूश’ पासून तो चित्रपटांना संगीत देत आला, ते जवळजवळ शेवटपर्यंत. १९६८ च्या ‘ल पाशा’ मधला प्रसंग बघावा: झाँ गाबँ पोलीस अधिकारी म्हणून ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत शिरतो आणि समोर काचेपलीकडे खुद्द गेन्सबूर ‘रेक्विएम पूर एँ कों’ रेकॉर्ड करतोय, नुसता ढोल, त्यावर जवळजवळ बोललेले शब्द, पुढच्या कितीतरी संगीताची चाहूल लागावी असं. पण त्याच दृश्यात त्याच्या शेजारी त्याचा संगीतकार साथीदार मिशेल कोलोंबिये उभा आहे. सुरुवातीच्या सिनेमांत आणि तिकीट टोचणाऱ्याच्या गाण्यातही वाद्यमेळ आलँ गोरागेरचा. ‘ला ऑर्स’, ‘कॅनाबिस’ आणि ‘मेलडी नेल्सन’ मध्ये झाँ-क्लोद व्हानिये. सिनेमाला पार्श्वसंगीत देणं म्हणजे मुदतीत, दुसऱ्याच्या कात्रीखाली, चार जणांच्या हातांनी करायचं काम. गेन्सबूरची गुणगुणलेली चार सुरांची चाल हे लोक घेऊन जायचे आणि तिचा वाडा बांधायचे. १९९६ मध्ये ‘एलिझा’ साठी त्याला मरणोत्तर सेझार हा फ्रेंच सिनेमाचा पुरस्कार मिळाला तोही कोलोंबिये आणि झ्बिग्न्येव्ह प्राइस्नर यांच्याबरोबर. ‘एकट्याची प्रतिभा’ ही कल्पना सिनेमासंगीतात दोन मिनिटं टिकत नाही. आणि १९६४ च्या ‘गेन्सबूर पेर्क्युसियों’ वर तर तिची फजितीच होते: त्यातली काही गाणी नायजेरियाच्या बाबातुंडे ओलातुंजीच्या १९६० मधल्या ‘ड्रम्स ऑफ पॅशन’ वरून सरळ उचललेली, आणि श्रेय मात्र गेन्सबूरचं. शोपँ, ब्राम्स, द्व्होर्झाक यांच्याकडून त्यानं घेतलं, ते उघड घेतलं. ऐकणारा ओळखतो, त्यात गंमत आहे, आणि मेलेल्याला मानधन लागत नाही. ओलातुंजी तेव्हा जिवंत होता, न्यूयॉर्कमध्ये काम करत होता आणि पॅरिसच्या श्रोत्याला तो ओळखू येण्याची शक्यता नव्हती. नीतीच्या नावानं एवढं रान उठलं, त्यात या आफ्रिकी ढोलांचा विषय मला ओझरताच सापडला. सगळा हिशेब बिछान्याचाच का?

तर पाटी. गाणं ऐकणं आणि नाव देणं या दोन क्रिया आहेत हेच या वादात हरवलंय. गाणं मी निवडते, बंदही करते. पॅरिसमध्ये, याच लीलाच्या वेशीवर, २०१० पासून गेन्सबूरच्या नावाची बाग आहे. व्हर्नय रस्त्यावर त्याचं घर आहे. ज्याला जायचंय तो जातो. स्टेशनाचं नाव मात्र कामावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात घातलं जातं. आणि नाव देणारी संस्था सार्वजनिक असली की ते रसग्रहण राहत नाही, सन्मान होतो. फ्रान्सला हा फरक ठाऊक नाही असं नाही. २०११ मध्ये ज्यूद्वेष्ट्या लेखनानं बदनाम झालेला कादंबरीकार लुई-फर्दिनाँ सेलीन याच्या मृत्यूला पन्नास वर्षं झाली म्हणून त्याचं नाव राष्ट्रीय स्मरणाच्या यादीत आलं. नाझी गुन्हेगारांचा माग काढणारे सर्ज क्लार्सफेल्ड यांनी आक्षेप घेतला, आणि सांस्कृतिक मंत्र्यांनी ते काढलं. सेलीनच्या कादंबऱ्या दुकानांतून गेल्या का? विद्यापीठांत शिकवणं थांबलं का? उलट पुढं त्याची हरवलेली हस्तलिखितं सापडली तेव्हा लोक तुटून पडले. नोबेल मिळालेल्या शल्यविशारद अलेक्सी कारेलचं नाव ल्यों इथल्या वैद्यकीय विद्याशाखेनं १९९६ मध्ये उतरवलं, कारण अपात्र माणसं गॅसनं संपवावीत असं त्यानं लिहून ठेवलं होतं. रक्तवाहिन्या शिवायची त्याची रीत कुणी बंद केली नाही. गेन्सबूर या दोघांच्या पंगतीतला मुळीच नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं. मुद्दा एवढाच की पाटी नाकारणं म्हणजे पुस्तक जाळणं, हा धाक खोटा आहे. नाव म्हणजे नुसती अक्षरं असती तर मराठवाडा विद्यापीठाच्या पाटीसाठी १९७८ ते १९९४ एवढी वर्षं माणसं झुंजली नसती, मेली नसती. पाटीवर कोण येतं यावरून समाज सांगत असतो की इथं कुणाची मान ताठ असावी.

यावर एक चतुर उत्तर आहे आणि ते मला बराच काळ पटलं होतं. नावं झिजतात. बार्बेस-रोशेशुआर स्टेशनावरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की रोशेशुआर ही मोंमार्त्रच्या मठाची प्रमुख जोगीण होती आणि बार्बेस हा तुरुंगात वर्षानुवर्षं काढलेला क्रांतिकारक? दोघांची जोडी लागली, अर्थ गळला, उरला तो आवाज. गेन्सबूरचंही तसंच होईल, मग कशाला भांडता? झिजेल, खरंय. पण मग समर्थकांना त्या नावाचा एवढा आग्रह का? अर्थ उरणारच नसेल तर सन्मानही उरत नाही. आणि सन्मान उरणार असेल तर आक्षेपही उरतो. दोन्ही टोकं एकदम धरून चालणार नाही.

आणि खुद्द गेन्सबूरचं मत? १९८६ च्या डिसेंबरात टीव्हीवर गायक-गीतकार गी बेआरशी भांडताना तो हट्टानं म्हणत होता की गाणं ही दुय्यम कला आहे, ज्यात दीक्षा लागत नाही अशी. त्याला व्हायचं होतं चित्रकार. आँद्रे लोतच्या कार्यशाळेत तो शिकला आणि जवळजवळ सगळी चित्रं स्वतःच नष्ट केली. या नम्रतेत नाटक किती आणि खरं किती, ते त्याचं त्याला माहीत. १९५८ मध्ये लेखक-संगीतकार बोरिस व्हियाननं त्याच्या पहिल्या रेकॉर्डची पाठराखण करताना त्याला अमेरिकन गीतकार-संगीतकार कोल पोर्टरच्या शेजारी बसवलं होतं, ते मात्र त्यानं आनंदानं स्वीकारलं.

माझ्या सूचनेवर आक्षेप येणार. पहिला, ही पळवाट आहे. तिकीट टोचणारा गेन्सबूरचाच, मग फरक काय? फरक असा की गाण्याच्या नावानं पाटी लावली की सन्मान गाण्याला मिळतो, त्यातल्या गोरागेरच्या वाद्यमेळालाही मिळतो, आणि सगळ्यात जास्त मिळतो तो त्या खऱ्याखुऱ्या नोकरांना, बायका आणि पुरुष, ज्यांनी कित्येक दशकं जमिनीखाली बसून भोकं पाडली. ज्याच्यासमोरून लोक न बघता जायचे त्याचं नाव रोज मोठ्यानं पुकारलं जाईल. ते गाणं कुणी लिहिलंय हे शोधायला कुणालाच अडवलेलं नाही. दुसरा आक्षेप भूगोलाचा, आणि तो मजेदार आहे: गाण्यातलं लीला स्टेशन म्हणजे पोर्त दे लीला, ते केव्हापासून तिथंच आहे, आणि नवं स्टेशन त्याच्यापुढं दोन थांबे सरकून आलंय. म्हणजे आजची पाटीही भलत्याच जागी लागलीय. मग माझीच तेवढी का अडते?

तिसरा आक्षेप मला एका मित्रानं गंभीर चेहऱ्यानं ऐकवला. म्हणाला, ‘अगं, एवढं लांब नाव पाटीवर मावेल का?’ मी त्याला ला मोत-पिके-ग्रनेल आणि बार्बेस-रोशेशुआर म्हणून दाखवायला लावलं. दुसऱ्याला त्याची जीभ अडकली, तरी गाडी तिथं रोज थांबते.